पाव दराची पहाट

बाहेरगावच्या फोनचे दर घड्याळावर ठरत, त्या काळातली ही गोष्ट. दिवसा बोललं तर पूर्ण पैसे, संध्याकाळनंतर थोडे कमी, आणि रात्री अकरा ते सकाळी सहा पाव दर. त्यामुळे हिंगणघाटच्या बसस्टँडसमोर मधुकरचं जे एस.टी.डी. बूथ होतं, तिथं दिवसभर माशा बसत आणि रात्री दहापासून रांग लागे. कोणाचा मुलगा पुण्याला, कोणाची मुलगी भिलाईला दिलेली. कापसाचे दलाल, जिनिंगवरचे परप्रांतातले मजूर, सगळे पायरीवर, बाकावर, सायकलच्या कॅरिअरवर टेकून अकरा वाजायची वाट पाहत. काचेच्या केबिनमध्ये माणूस ओरडून बोले, मीटरवरचे लाल आकडे पळत, आणि छोटं मशीन कर्रकर्र करत चिठ्ठी बाहेर टाकी. शटर खाली यायला दीड वाजे, कधी दोन.

मधुकरचं घराणं भांडेवाल्यांचं. थोरला भाऊ अण्णाजी बाजारओळीत बापाचं दुकान चालवी. मधुकरला पितळ-स्टीलच्या ढिगाऱ्यात बसायचा कंटाळा होता, म्हणून एक्याण्णव साली त्यानं हे बूथ टाकलं आणि बूथच्या मागच्याच दोन खोल्यांत बायको-पोरीला घेऊन राहायला आला. बायको शोभा वणीची. पोरगी गुंजन तेव्हा सहा वर्षांची. मधुकर हसरा माणूस, बोलायला गोड. लोक फोनसाठी येत आणि गप्पांसाठी थांबत.

एक गोष्ट मात्र घरातले विसरायला बघत होते. अठ्ठ्याऐंशी साली पोळ्यापासून दिवाळीपर्यंत हा माणूस खाटेवरून उठला नव्हता. ताप नाही, दुखणं नाही. भिंतीकडे तोंड करून पडलेला. वैद्य झाले, अंगारे झाले, मग एक दिवस आपोआप उठून त्यानं दाढी केली आणि दुकानात जाऊन बसला. झालं ते गेलं, असं सगळ्यांनी धरलं. त्यानंही.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात त्याला उमगलं की आपल्याला झोपेची गरजच नाही. लग्नसराईचे दिवस, रात्री गर्दी मोठी. दोनला शटर पाडून तो आत यायचा आणि तीनला परत जाऊन उघडायचा. मग शटर पाडणंच बंद झालं.

"झोप ही माणसाची आदत आहे," तो रांगेतल्या लोकांना सांगे. "सोडली की सुटते."

लोक हसत. त्यात त्याचा हात सैल झालेला. कोणी म्हटलं आई आजारी आहे, की हा म्हणे, "बोला, बिनधास्त बोला, पैशाचं नाव काढू नका." स्वतःही भटिंड्याला, कोचीनला, मनात येतील ते आकडे फिरवून अनोळखी माणसांना विचारी की तुमच्याकडे ऊन किती आहे. आठ दिवसांत तो अख्ख्या गावाचा लाडका झाला. त्याला स्वतःला तर वाटत होतं की आजवर आपण डोळे मिटूनच जगलो, आत्ता कुठे उघडले.

शोभाला मात्र धडकी भरली होती. ती अण्णाजींकडे गेली. म्हणाली, "भाऊजी, चार राती झाल्या, हे पाठ टेकून नाई राह्यले."

अण्णाजी म्हणाले, "माणूस मेहनत करून राह्यला, तर तुले त्रास कायचा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शोभा पाणी भरत होती, तेवढ्यात मधुकरनं गुंजनला स्कूटरवर पुढे उभं केलं आणि निघाला. पोरीला हैदराबाद दाखवायचं होतं. सव्वाचारशे किलोमीटर. पोरगी आनंदानं ओरडत होती, बापही ओरडत होता, ट्रक हॉर्न देत बाजूनं जात होते. वडनेरच्या पुढे पेट्रोल संपलं. मे महिना, बाराचं ऊन, डांबर मऊ झालेलं. मधुकरनं स्कूटर तिथंच टाकली आणि पोरीचा हात धरून पायी चालायला लागला. आपण चालत पोचू, याबद्दल त्याच्या मनात तिळभर शंका नव्हती. तासाभरानं गुंजन खाली बसली, मग आडवी झाली. तिचं अंग चटके बसावेत तसं तापलं होतं. एका ट्रकवाल्यानं दोघांना उचलून हिंगणघाटच्या सरकारी दवाखान्यात आणून टाकलं.

पोरगी वाचली. चौथ्या दिवशी वणीहून शोभाचा भाऊ जीप घेऊन आला. मधुकर तोवर सेवाग्रामच्या दवाखान्यात भरती झालेला होता. जाण्याआधी शोभा तिथं येऊन गेली. औषधांनी त्याची जीभ जड झाली होती, पण तिचं बोलणं त्याला अक्षर न् अक्षर ऐकू आलं.

"तुमचा राग नाई मले," ती म्हणाली. "पण पोरीले घेऊन मी त्या घरात झोपू नाई शकत."

पाच आठवड्यांनी तो घरी आला तेव्हा दोन्ही खोल्या झाडून ठेवलेल्या होत्या. गुंजनच्या शाळेच्या वह्यासुद्धा नेल्या होत्या. मग जो पडला तो महिनेमहिने पडला. अण्णाजींच्या घरून डबा येई, अर्धा परत जाई. वर्ष फिरल्यावर तो उठला, बूथ परत उघडलं आणि तपासणीला सेवाग्रामला गेला.

सेवाग्रामच्या डॉक्टरीणबाई मध्यम वयाच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी त्याला दुखण्याचं नाव सांगितलं, बायपोलर. मन कधी नको तेवढं वर चढतं, कधी नको तेवढं खाली बसतं. लिथियमच्या गोळ्या लिहून दिल्या, दर काही महिन्यांनी रक्त तपासायला बोलावलं. "उन्हाळ्यात पाणी भरपूर प्यायचं, मीठ सोडायचं नाही. घामानं अंग कोरडं पडलं तर हेच औषध अंगात साचून विष होतं," असंही बजावलं. गोळ्या घेऊन तो उठायला लागला, तर त्यांनी बसा म्हटलं.

"रोज झोपता कधी?"

"बूथ बंद झालं की. दीड, दोन."

"आणि उठता?"

"जमेल तसं."

त्यांनी एक कागद घेतला, उभ्या रेघा ओढल्या. किती वाजता उठलो. दिवसाचं पहिलं माणूस किती वाजता भेटलं. काम किती वाजता सुरू केलं. जेवण. झोप. "हे रोज लिहायचं," त्या म्हणाल्या, "आणि रोज वेळ तीच ठेवायची. तुमच्या अंगातलं घड्याळ फार नाजूक आहे, मधुकरराव. दुसऱ्याचं चार दिवस मागं-पुढं झालं तरी निभावतं. तुमचं नाही निभावत. रात्रीचं बूथ बंद करा."

"बाई, धंदाच रात्रीचा आहे ना."

"मग धंदा बदला," त्या म्हणाल्या. यात त्यांनी काही गोड करून सांगितलं नाही, हे त्याला पुढे कित्येक वर्षं बरं वाटत राहिलं.

त्यानं साडेआठला शटर पाडायला सुरुवात केली. आठवडाभर लोक शटर वाजवत. मग रांग रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या बूथवर गेली. अण्णाजींनी कपाळावर हात मारला. मधुकर अधूनमधून आत जाऊन सव्वासातला खिचडी टाकी, आठला जेवी, गोळी घेई, नऊला दिवा मालवी. पलीकडच्या बूथवरचं हसणं खिडकीतून ऐकू येई. गेल्या साली ते सगळं त्याच्या पायरीवर होतं.

दोन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी त्याचा कागद पाहिला. झोपेचे, जेवणाचे आकडे सरळ ओळीत आले होते. त्यांनी दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. कुठे साडेनऊ लिहिलेलं, कुठे दहा, आणि बऱ्याच दिवशी काहीच नाही.

"हा रिकामा का?"

"सकाळी कोणी येत नाई, बाई."

"मग तुम्ही जा कोणाकडे. उठल्यावर लवकर माणसाशी बोलणं झालं पाहिजे."

"कोणाकडे जाऊ?" मधुकरनं विचारलं. तो खरंच विचारत होता. बाईंनी पुढची तारीख लिहून दिली.

परतीच्या एस.टी.त, वर्ध्याच्या पुढे कुठेतरी, त्याच्या डोक्यात आलं की पाव दर रात्री अकरापासून असतो खरा, पण तो सकाळी सहापर्यंत असतो. नऊला झोपल्यानं त्याला आता साडेचारला जाग येत होती. त्या वेळी तो खाटेवर बसून उजाडायची वाट बघत असे.

पुठ्ठ्यावर त्यानं लिहिलं, 'पहाटे पावणेपाचपासून सुरू. पाव दर', आणि बूथवर टांगलं. पहिला आठवडा कोणी फिरकलं नाही. थंडीचे दिवस. तो मफलर गुंडाळून बसे, मीटरवरचा शून्य बघे, सहा वाजले की उठून चहा करी.

आठव्या की नवव्या दिवशी एक म्हातारी आली. अनुसयाबाई. नवरा कापडमिलमध्ये होता, तो वारला. ही मिलच्या पहिल्या पाळीच्या कामगारांचे डबे करून देई, त्यामुळे तीनपासून चुलीपाशी. एकुलता एक मुलगा श्रावण सुरतेला मागावर कामाला. तो पहाटे कारखान्यात जायच्या आधीच सापडे, खोलीखालच्या पानठेल्याच्या फोनवर.

"जेवला का रे रात्री?" ती केबिनमध्ये ओरडली. "खोकला? ... बरं. ठेव, ठेव." संपलं. पाऊण मिनिट. बाहेर येऊन ती बाकावर बसली आणि जशी काही पुष्कळ बोलून थकली आहे तसा पदरानं चेहरा पुसला.

"तू निजत नाई का गा बाप्पा?" तिनं मधुकरला विचारलं.

"निजतो ना, मावशी. नऊ वाजता."

"नऊ वाजता! कोंबडीवानी?"

मधुकर हसला. किती दिवसांनी हसला हे त्याचं त्यालाच आठवेना.

ती सोमवारी आणि गुरुवारी येऊ लागली. हळूहळू आणखी काही जण आले. हायवेवरचे ट्रकवाले, मिलिटरीत पोरगा असलेले एक मास्तर, पहाटेच्या गाडीनं नागपूरला जाणारा एखादा. पण पहाटे येणारी माणसं रात्रीच्या रांगेसारखी नसत. एकेकटी येत, हळू बोलत आणि बोलून झालं की निघून जात. मधुकरला त्यांचे आवाज पाठ झाले. आपल्या दुखण्याबद्दल त्यानं त्यातल्या फक्त अनुसयाबाईंना सांगितलं. "माझं डोकं बिघडते, मावशी. टायमावर राह्यलो तर ठीक राहते."

"सगळ्याइचंच बिघडते," ती म्हणाली. "तू टायम तरी पाहून राह्यला. लोकं तेवढंबी करत नाई."

सत्त्याण्णव साली अण्णाजींच्या थोरल्याचं, नीलेशचं लग्न निघालं. वऱ्हाड अमरावतीला जायचं, दोन रात्री बाहेर. मधुकर म्हणाला, मी सकाळच्या गाडीनं येतो, अक्षता टाकून संध्याकाळी परत फिरतो.

अण्णाजींचं तोंड उतरलं. "सख्खा काका तू. एक रात जागल्यानं काय होते मधू? लोकं विचारतीन, भावाभावांत वाकडं आहे काय."

तो गेला. वरातीत नाचला. पहाटेपर्यंत पोरांना गोष्टी सांगून त्यानं मांडव हसवला. बायका एकमेकींना म्हणाल्या, पहा, जुना मधुकर परत आला. अण्णाजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्यांचे डोळे भरून आले.

लग्नानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात बूथच्या चारी भिंती खालपासून वरपर्यंत फोन नंबरांनी भरल्या होत्या. कोळशानं लिहिलेले. तो खुर्चीवर उभा राहून छतावर लिहीत होता आणि खाली जमलेल्या लोकांना सांगत होता की हे सगळे नंबर एकमेकांशी बोलत आहेत. अण्णाजींनीच त्याला मोटारीत घालून सेवाग्रामला नेलं. दीड महिना तो तिथं होता.

परत आल्यावर त्यानं भावाला हात जोडून सांगितलं, "अण्णाजी, यापुढं रात्रीचं काही नाई. लग्न नाई, जागरण नाई, मयत असली तरी नऊच्या आत घरी."

"मंग तू आमचा कोण?" अण्णाजी म्हणाले.

ते रागानं बोलले नव्हते. पण त्यानंतर पत्रिका नोकराच्या हाती येऊ लागल्या, आणि पुढे पुढे त्याही थांबल्या. गणपतीत चौकात मंडप पडे, गाणी चालत. तो साडेआठला शटर पाडून आत जाई. कोणीतरी त्याचं नाव 'घड्याळ्या' पाडलं. लोक त्याला बघून वेळ सांगत, घड्याळ्या पाण्याची बाटली भरून राह्यला, म्हणजे अकरा वाजले. त्यात दुष्टावा नव्हता. पण गप्पा मारायला कोणी थांबत नसे. ठरल्या वेळी उठणाऱ्या, ठरल्या वेळी जेवणाऱ्या आणि बोलता बोलता घड्याळाकडे बघणाऱ्या माणसापाशी कोण किती बसणार?

कधी कधी त्यालाही वाटे की कागदावरच्या रेघा म्हणजे आपल्याभोवती घातलेलं कुंपण आहे. आत धोका नाही. आत दुसरं माणूसही नाही.

नव्व्याण्णवच्या हिवाळ्यात तो परत खाली बसू लागला. गोळ्या चालू होत्या, तरी. आधी खिचडीची चव गेली, मग दाढीचा कंटाळा आला, मग एका पहाटे साडेचारला जाग आली आणि उठायचं कशाला, हे त्याला सुचेना. तो पडून राहिला. पाच वाजता शटरवर थाप पडली.

"मधुकर! फोन लावाचा हाय."

त्यानं गोधडी डोक्यावर ओढली.

"मधुकर, उठ बा! थंडीत उभी करतं काय म्हातारीले?"

त्यानं कसंबसं उठून शटर वर केलं. अनुसयाबाई आत येऊन बाकावर बसली. केबिनकडे गेलीच नाही.

"आज बुधवार, मावशी," तो म्हणाला. "तुमचा वार नाई."

"मले ठाऊक हाय." तिनं पदराखालून एक डबा काढला. गरम भाकर आणि झुणका. "परवा तुझं तोंड पाहून गेलती. खा आधी."

महिनाभर ती रोज पाचला आली. डब्यांच्या दोन खेपांच्या मधे जो अर्धा तास मिळे, तो ती बाकावर बसून काढी. फार काही बोलत नसे. कोणाचा डबा परत आला, कोणत्या खात्यात कामबंदी आहे, भाजी काय भाव. मधुकर नुसतं हं हं करी. पण शटर पाचला उघडायचं होतं, कारण बाहेर म्हातारी थंडीत उभी असणार होती. उघडलं की दिवा लावायचा, दिवा लागला की एखादा ट्रकवाला येई, त्याला नंबर जोडून द्यावा लागे. असा एकेक दिवस पुढे ढकलला गेला. होळीच्या सुमारास एका सकाळी त्यानं स्वतःहून आरसा काढला. त्या वेळी त्याला दवाखान्यात भरती व्हावं लागलं नाही.

दोन हजार एक साली, एका रविवारी पहाटे साडेपाचला बूथचा फोन वाजला. बाहेरून फोन येणं तसं विरळाच.

"बाबा? मी गुंजन."

मधुकर फोन कानाला घट्ट धरून उभा राहिला. आठ वर्षं. मधल्या काळात त्यानं वणीला चार-पाचदा लावून पाहिला होता. सासरे उचलत आणि आवाज ओळखून ठेवून देत. तो आता पोरीचा श्वास ऐकत होता, आणि तिकडे तिच्या बूथवरचं मीटर पळत असणार, हेही त्याला कळत होतं.

"बाबा, बोला ना. आईच्या पेटीत तुमच्या बूथची जुनी चिठ्ठी भेटली, त्यावर नंबर होता. मी दोनदा रात्री लावला. तुम्ही काऊन नाई उचलत?"

"रात्री मी नसतो, बेटा. नऊ वाजता झोपतो. झोपावंच लागते."

"का?"

त्यानं सांगितलं. सोप्या शब्दांत, जसं डॉक्टरीणबाईंनी त्याला सांगितलं होतं. वडनेरच्या रस्त्याचं मात्र त्याच्या तोंडून निघालं नाही. ती सगळं ऐकून म्हणाली, "बरं. मंग मी सकाळीच करत जाईन." आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती फोन करू लागली. अभ्यास, मैत्रिणी, आईचे गुडघे. कधी विचारी, "झोप होते ना बाबा?" तो म्हणे, "होते."

मग दर उतरले, पाव दराची भानगडच गेली. मोबाइल आले. रात्रीची रांग संपली, पहाटेची माणसंही एकेक करून कमी झाली. श्रावणनं आईला मोबाइल पाठवला. अनुसयाबाईला तो कानाला धड लावता येत नसे. ती तो मुठीत धरून बूथवर येई आणि मधुकर बटण दाबून देई. दोन हजार चार साली श्रावण स्वतः आला आणि आईला कायमची सुरतेला घेऊन गेला. जाताना ती म्हणाली, "तिकडं बोलाले कोनी नसन गा. पोरगा कामावर, सून टीव्हीपाशी." मधुकरनं तिची वळकटी बसच्या टपावर चढवली.

पुढचा महिनाभर तो पाचला शटर उघडून बसला आणि सहा वाजेपर्यंत कोणी आलं नाही. तो हळूहळू घसरतो आहे हे त्याला स्वतःलाच कळलं. त्यानं स्वतःहून जाऊन वर्तमानपत्राची एजन्सी मागितली. नागपूरहून गठ्ठे पावणेपाचला बसस्टँडवर उतरत. गाडीवाला दार उघडून गठ्ठा खाली टाकी आणि म्हणे, "ओ घड्याळवाले, पकडो." तेवढंच. पण रोज तोच, त्याच वेळी. सायकलवर चाळीस घरं फिरून सातपर्यंत तो परत येई. बूथच्या केबिनमध्ये आता जुने अंक रचून ठेवलेले असत.

दोन हजार सात सालच्या फेब्रुवारीत गुंजनचं लग्न ठरलं. तिनंच फोन करून सांगितलं. "बाबा, अकरा वीसचा मुहूर्त आहे. सकाळचा. तुम्ही या."

तो आदल्या दिवशी दुपारच्या गाडीनं वणीला गेला आणि बसस्टँडजवळच्या लॉजवर उतरला. नऊला झोपला. सकाळी आंघोळ करून, नवा सदरा घालून मंगल कार्यालयात पोचला तेव्हा दारातच शोभाचा भाऊ भेटला. चौदा वर्षांत दोघांची गाठ नव्हती. त्यानं हात जोडले, पण त्याच्या मनात काय खदखदत होतं ते लपलं नाही.

"या. बसा. सगळ्या पाहुण्यांचे हाल झाले पहा. गोरज मुहूर्त चांगला निघालता, नवरदेवाकडचेही तयार होते. पोरगीच अडून बसली. म्हणे सकाळीच करा, नाई तर करूच नका. कारण सांगत नाई, काही नाई."

मधुकर मंडपातल्या खुर्चीवर जाऊन बसला. त्याला कारण कळलं होतं.

कन्यादान मामानं केलं. मधुकरला कोणी बोलावलं नाही आणि त्यानंही अपेक्षा केली नव्हती. अक्षता टाकताना त्याला अंतरपाटावरून फक्त मुंडावळ्या दिसल्या. नंतर जेवणाच्या गर्दीत तो एका खांबापाशी उभा होता, तेव्हा शोभा ताट घेऊन आली. केस पांढरे झालेले, चालताना जरा कलत होती.

"जेवून घ्या," ती म्हणाली. "साडेबारा होऊन राह्यले."

"तुले कोणं सांगितलं, मी साडेबाराला जेवतो म्हणून?"

"पोरगी सांगते सगळं."

त्यानं ताट घेतलं. ती लगेच गेली नाही. मधुकरला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. "शोभा, त्या दिवशी वडनेरच्या पुढं..."

"आज नको," ती म्हणाली. आवाजात तिखटपणा नव्हता. "आज राहू द्या." आणि पाहुण्यांकडे वळली.

पाठवणी पाच वाजता होती. शेवटची सोयीची गाडी तीनची; त्यानंतरच्या गाडीनं हिंगणघाटला पोचायला रात्र झाली असती. तो घुटमळत होता. एक दिवस, असं त्याच्या मनात येऊन गेलं, एकाच दिवसानं काय होते. तेवढ्यात गुंजन शालू सावरत, हातातल्या बांगड्या वाजवत त्याच्यापाशी आली आणि मागून तिच्या मैत्रिणी धावल्या.

"बाबा, अडीच झाले. तुमची गाडी चुकल."

"तुझी पाठवणी पाहून..."

"नको." ती वाकून पाया पडली. वर उठली तेव्हा तिचं काजळ पसरलं होतं. "तुम्ही टायमावर जा. मले तुम्ही ठीक पाह्यजे. फोन करीन मी."

त्याला तिच्या डोक्यावर हात ठेवायचा होता, पण मुंडावळ्या विस्कटतील म्हणून त्यानं तो खांद्यावर ठेवला. मग पिशवी घेऊन निघाला. कार्यालयाच्या फाटकापर्यंत कोणी पोचवायला आलं नाही. सगळे फोटोला उभे होते.

हिंगणघाटला उतरला तेव्हा साडेपाच वाजले होते. चहाच्या टपरीवरच्या गुलाबनं विचारलं, "झालं काय जी पोरीचं लगन?"

"झालं."

"मंग येवढ्या लवकर वापस?"

"सकाळचं होतं," मधुकर म्हणाला आणि पुढे गेला.

सव्वासातला त्यानं खिचडी टाकली. आठला जेवला, गोळी घेतली. नऊला दिवा मालवला. त्या रात्री गावातही लग्न होतं. बाजारओळीतून वरात जात होती. बँड बराच वेळ एकाच ठिकाणी थांबून वाजत राहिला, मग लांब लांब गेला. मधुकर डोळे मिटून पडला होता. आता गाडी सासरच्या दारात लागली असेल, आता माप ओलांडलं असेल, असं तो मनात धरत होता. झोप फार उशिरा लागली. तरी साडेचारला तो उठला, तोंड धुतलं आणि सायकल काढून गठ्ठे घ्यायला बसस्टँडकडे गेला.